घोड्याचे गोठित रेत

निवडलेल्या नर घोड्याचे रेत कृत्रिम योनीत संकलित करून, विरलकात (रेत पातळ करून जपणाऱ्या द्रवात) मिसळून, बारीक कांड्यांमध्ये भरून द्रवनत्रात (द्रवरूप नायट्रोजनमध्ये) उणे १९६° से. तापमानाला साठवतात, त्याला गोठित रेत म्हणतात. इतक्या थंडीत शुक्राणूंतील जीवनक्रिया थांबून राहतात. त्यामुळे घोडा मेल्यानंतर कित्येक वर्षांनीही त्याचे शिंगरू जन्माला येऊ शकते. ग्लिसरॉल घातले तर शुक्राणू गोठूनही जगतात, हा शोध १९४९ मध्ये इंग्लंडात कोंबड्याच्या रेतावर काम करताना लागला. गोठवलेल्या शुक्राणूंनी घोडी गाभण राहिल्याचे पहिले वृत्त १९५७ मध्ये कॅनडातून आले.

पुणे जिल्ह्यातल्या पशुपालकाला कांडी नवी नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने गोठित रेत गाईच्या गोठ्यापर्यंत नेले. म्हणूनच ‘वळूचे जमते, मग घोड्याचे का अडते?’ हा प्रश्न इथे साहजिक ठरतो.

याचे पहिले उत्तर निवडीत आहे. ज्या वळूचे रेत नीट गोठत नाही तो रेतकेंद्रावर ठेवतच नाहीत, आणि ही चाळणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. घोडा मात्र वेग, चाल, रंग, कानांची ठेवण, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आणि इतर भोवरे पाहून निवडला जातो. त्याचे रेत गोठते का, हे कोणी विचारत नाही. परिणामी साधारण चारांतल्या एका घोड्याचे रेत गोठवल्यावर वापरण्याजोगे उरत नाही. दुसरे उत्तर शुक्राणूच्या पटलात, म्हणजे त्याच्या पातळ आवरणात आहे. त्यात कोलेस्टेरॉलचे प्रमाण कमी असल्याने ते थंडीला लवकर हार खाते. तिसरे उत्तर मात्रेचे. वळूच्या एका कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू पुरतात आणि एका वेळच्या रेतातून दोन-तीनशे कांड्या निघतात. घोडीसाठी प्रचलित मात्रा ८० कोटींच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या आठ कांड्या. त्यामुळे घोड्याच्या एका संकलनातून जेमतेम आठ-दहा मात्रा हाती लागतात.

नुकसान नेमके कुठे होते, हे समजले की सुधारणा कुठे करायची तेही कळते. रेत सुमारे २०° पासून ८° से. पर्यंत उतरताना पटलातील स्निग्ध घटक घट्ट होऊ लागतात. या टप्प्यात घाई केली तर शुक्राणू गोल गोल फिरतात, मागे जातात किंवा मरतात. पुढे पाण्याचा बर्फ होताना क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात एकवटतात. गोठवण फार सावकाश झाली तर पेशी सुकते, फार झपाट्याने झाली तर तिच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. या दोन संकटांमधली वाट प्रत्येक घोड्यागणिक थोडी वेगळी असते. एकच कृती सगळ्यांना लावण्याची सवय मोडणे, ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी सुधारणा आहे. त्याच घोड्याचे रेत दोन-तीन विरलकांत विभागून गोठवायचे, प्रत्येकातली एक कांडी वितळवून पाहायची आणि मग त्या घोड्याची कृती ठरवायची. यात वेळ जातो, पण पुढे कांड्या वाया जात नाहीत.

प्रत्यक्ष कामात आधी चिकट भाग गाळून वेगळा करतात, मग अपकेंद्रणाने (यंत्रात वेगाने फिरवून) बहुतेक रेतद्रव काढतात. तो जास्त राहिला तर गोठवण बिघडते. विरलकात साय काढलेले दूध किंवा दुधातील घटक, शर्करा, अंड्याचा पिवळा बलक आणि प्रतिजैविके असतात. पूर्वी थंडीपासून बचावासाठी फक्त ग्लिसरॉल वापरत. त्याची मात्रा वाढली की ते स्वतःच शुक्राणूंना विषारी ठरते, म्हणून आता त्याच्या जागी किंवा जोडीला डायमिथिलफॉर्मामाइड व मिथिलफॉर्मामाइड वापरतात. त्यांचे रेणू लहान असल्याने ते पटलातून सहज आत-बाहेर होतात. ग्लिसरॉलमध्ये खराब निघणाऱ्या काही घोड्यांचे रेत यांत चांगले टिकते. कलिली द्रवाच्या थरातून अपकेंद्रण करून सशक्त शुक्राणू वेगळे काढणे आणि पटलाला बाहेरून कोलेस्टेरॉल पुरवणे, हे अलीकडचे प्रयत्न आहेत.

कांडी ३७° से. पाण्यात ३० सेकंद वितळवल्यावर निदान ३० टक्के शुक्राणू पुढे सरळ पोहत असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र चाल चांगली दिसली म्हणजे घोडी गाभण राहीलच असे नाही.

घोडीकडचे काम तितकेच नाजूक असते. ताजे रेत तिच्या गर्भाशयात दोन दिवस किंवा अधिक टिकते, वितळवलेले मात्र सहसा १२ तासांच्या आतबाहेर. म्हणून अंडमोचनाच्या (बीजकोशातून अंडे सुटण्याच्या) आगेमागे काही तासांतच रेतन साधावे लागते. बीजपुटक (अंडे वाढते ती बीजकोशातली पिशवी) ३५ मिमी.च्या वर गेले की अंडमोचनासाठी इंजेक्शन देतात आणि अल्ट्रासाउंडने दर सहा तासांनी, रात्रीसुद्धा, पाहत राहतात. मात्रा कमी असेल तर लवचीक नळीने रेत गर्भाशयाच्या शिंगाच्या (दोन फाट्यांपैकी एकाच्या) टोकाशी सोडतात.

साठवणीतली चूक बहुधा पात्राच्या तोंडाशी होते. कांडी शोधताना गोब्लेट (कांड्या ठेवण्याचा पेला) वर उचलून धरला की वरच्या कांड्या काही सेकंदांतच तापू लागतात, आणि असे पुन्हा पुन्हा झाले की नुकसान साठत जाते. दौंड-बारामतीच्या उन्हाळ्यात द्रवनत्राची पातळी मोजण्यात हयगय करून चालत नाही.

पुण्याच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेडना ही पद्धत लागू नाही. त्यांच्या वंशनोंदवहीत नैसर्गिक संयोगातून जन्मलेल्या शिंगरांनाच स्थान मिळते. तिचा उपयोग मारवाडी, काठेवाडी आणि विशेषतः भीमथडी घोड्यांसाठी आहे. भीमेच्या थडीवरचा हा काटक घोडा मराठ्यांच्या घोडदळात होता. आज धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो मेंढ्यांच्या वाड्याबरोबर चालतो. स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडची. चांगला घोडा वर्षातले कित्येक महिने वाटेवर असतो. एका मुक्कामात त्याचे रेत घेऊन ठेवले, तर दुसऱ्या तालुक्यातल्या घोड्या पुढच्या माजाला फळवता येतील. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर परिसरात मारवाडी घोड्यांवर हे काम पुष्कळ पुढे गेले आहे. तेथे गोठित रेताने फळवलेल्या घोडीचा भ्रूण काढून गोठवला आणि दुसऱ्या घोडीत ठेवला. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘राज हिमानी’ हे मादी शिंगरू जन्मले. भीमथडीच्या नरांचे रेत पुण्याजवळच साठवले जावे, असे मला मनापासून वाटते. द्रवनत्राची ने-आण आणि कांडी हाताळणारे हात इथे आधीपासून आहेत. रेत घेण्यापूर्वी घोड्याची ग्लँडर्स (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) व इतर संसर्गांची तपासणी मात्र हवीच, कारण विरलकातल्या प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाहीत आणि रेताबरोबर तेही गोठून टिकतात.

पोटशुळाने किंवा अपघाताने चांगला घोडा अचानक गेला, तरी अजून एक संधी उरते. वृषणे अधिवृषणासह (शुक्राणू परिपक्व होतात व साठतात त्या वृषणालगतच्या नळीसह) काढून, गोठू न देता ५° से.च्या आसपास थंड ठेवून, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवली तर अधिवृषणाच्या शेपटीतले परिपक्व शुक्राणू काढून गोठवता येतात. १९५७ मध्ये कॅनडातली ती घोडी अधिवृषणातल्याच शुक्राणूंनी गाभण राहिली होती.