आठवा सर्व्हर

एखाद्या बँकेचं ॲप दिवसभर बंद पडलं किंवा विमानतळावर चेक-इनच्या रांगा लागल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘प्राथमिक चौकशीत मानवी चूक असल्याचं निष्पन्न.’ हे वाक्य वाचलं की माझी चिडचिड होते. माणूस चुकला, ठीक आहे. पण त्या क्षणी त्याला समोर काय दिसत होतं, त्यावरून त्याने काय ताडलं आणि ते त्याला शहाणपणाचं का वाटलं? बातमी थांबते तिथेच तर सगळी गंमत सुरू होते.

१ ऑगस्ट २०१२ ची न्यू यॉर्कमधली सकाळ घ्या. नाइट कॅपिटल ही अमेरिकेच्या शेअर बाजारातली बडी कंपनी. त्या दिवशी बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी सोय सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. सातांवर चढला, आठवा राहून गेला. साडेनऊला बाजार उघडला आणि पुढच्या ४५ मिनिटांत या यंत्रणेने १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे करून टाकले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं.

आता जरा आत शिरू. ग्राहकाची मोठी ऑर्डर आली की यंत्रणा तिचे छोटे तुकडे करून बाजारात पाठवते. ऑर्डरसोबत एक खूण असते, प्रोग्रामर तिला फ्लॅग म्हणतात. नव्या सोयीसाठी कंपनीने नवा फ्लॅग न घेता ‘पॉवर पेग’ नावाच्या एका जुन्या सुविधेचा फ्लॅग वापरला. पॉवर पेग २००३ पासून वापरात नव्हती, पण तिचा कोड कुणी काढला नव्हता. त्यामुळे सात सर्व्हरवर फ्लॅगचा अर्थ ‘नवी सोय’, तर आठव्यावर ‘पॉवर पेग सुरू कर’. मूळ ऑर्डर पुरी झाली की तुकडे पाठवणं थांबायला हवं. ती मोजदाद करणारा भाग २००५ मध्ये प्रोग्राममध्ये दुसरीकडे हलवला गेला होता आणि त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासली गेली नव्हती. म्हणजे आठवा सर्व्हर ऑर्डर पाठवत राहिला आणि पुरे झालं हे सांगणारं त्याला कुणीच नव्हतं.

इथवर साधा गलथानपणा. चटका लावणारा भाग पुढे आहे. गोंधळ सुरू असताना तंत्रज्ञांनी उपाय केला: नवा कोड काढून टाकला. कुठून? जिथे तो बरोबर बसला होता त्या सात सर्व्हरवरून. आता आठही सर्व्हर फ्लॅगचा जुना अर्थ लावू लागले आणि ऑर्डरचा पूर वाढला.

त्यांना मूर्ख म्हणण्याआधी थांबा. काल सगळं नीट होतं, आज बिघडलं. आज नवं काय? नवा कोड. मग तो मागे घ्या. याला रोलबॅक म्हणतात, आणि या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात शिकवतात ते हेच. बहुतेक वेळा ते लागूही पडतं. म्हणूनच ते घातक आहे.

लंडनमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरी चहा पिताना कुणावरही करून पाहता येतो. समोरच्याला सांगायचं, ‘माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २, ४, ६ हे त्यात बसतात. तू आणखी त्रिकुटं सांग, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांग.’ लोक विचारतात ८, १०, १२. हो. २०, २२, २४. हो. मग छाती फुगवून सांगतात, ‘दोनदोनने वाढणारे आकडे!’ चूक. नियम असतो ‘कुठलेही चढते आकडे’. १, २, ३ विचारलं असतं तरी तो अंदाज कोसळला असता. पण ते सुचत नाही, कारण आपण अंदाज खरा ठरेल असेच प्रश्न विचारतो. प्रत्येक ‘हो’ने माहिती काडीचीही वाढत नाही, खात्री मात्र वाढते.

नाइटमध्ये १, २, ३ विचारणं म्हणजे काय होतं? या ऑर्डर कोणत्या सर्व्हरवरून निघताहेत, ते आधी मोजणं. दोष नव्या कोडमध्ये असेल तर त्या सातांवरून निघाल्या पाहिजेत. रोलबॅकच्या आधी ते पाहिलं असतं तर सगळा पूर एकाच यंत्रातून येताना दिसला असता.

परिस्थितीचं भान या विषयावर संशोधक मिका एन्ड्स्ली यांनी १९९५ मध्ये मांडलेली चौकट विमान वाहतुकीपासून रुग्णालयापर्यंत वापरली जाते. त्यांच्या मते भानाचे तीन थर: काय घडतंय ते दिसणं, त्याचा अर्थ लागणं आणि पुढे काय होईल हे ताडता येणं. आपला सगळा पैसा पहिल्या थरावर जातो. आणखी एक डॅशबोर्ड, आणखी शंभर अलर्ट. नाइटमध्ये बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नावसुद्धा होतं. पण ते इशारे म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे एरवीही ते कुणी फारसं पाहत नसे.

इशारा दिसला तरी तो नेमकं काय मोजतो हा प्रश्न उरतोच. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत झडपेचा दिवा विझला आणि कर्मचाऱ्यांना वाटलं, झडप मिटली. दिव्याला फक्त ‘मिट’ हा हुकूम गेल्याचं कळत होतं. झडप दोन तासांहून जास्त काळ उघडीच होती. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस३ ही साठवणूक सेवा कोलमडली, तेव्हा सेवांची तब्येत सांगणारं पान काही वेळ बदलताच येईना, कारण ते बदलण्याची सोय एस३वरच चालत होती.

दुसऱ्या थराला जागा किती, तर फार थोडी. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार आपल्या वर्किंग मेमरीत, म्हणजे त्या क्षणी डोक्यात धरून ठेवायच्या जागेत, एका वेळी चारेक गोष्टी मावतात. आता बिघाड झाला की सगळ्यांना जोडणाऱ्या ब्रिज कॉलवर तीस माणसं, दोन चॅट खिडक्या आणि दर पाच मिनिटांनी ‘ईटीए काय?’, म्हणजे ‘कधी सुरू होणार?’, असं विचारणारे साहेब. चारपैकी एक जागा साहेबांनीच अडवली.

त्यात रात्र. सतरा तास सलग जागं राहिल्यावर कामातली घसरण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, असं डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. हिंजवडीत दिवसभर काम करून रात्री अमेरिकेचा दिवस सांभाळणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करावा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री उशिरा प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरने डेटाबेसची फोल्डर पुसली, ती दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरलं. रोजचा बॅकअप कधीचा फसत होता आणि तसं सांगणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. खंडेनवमीला सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ घालायला माझी हरकत नाही. न तपासलेल्या बॅकअपवरची श्रद्धा मात्र मला जास्त आंधळी वाटते.

आता एआय हे सगळं सांभाळेल, अशी जाहिरात सुरू आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की स्वयंचलन सोपं काम काढून घेतं, अवघड तेवढं माणसासाठी ठेवतं, आणि रोजचा सराव गेल्याने त्यासाठीचा हातही बसलेला राहत नाही.

त्यापेक्षा कॅलिफोर्नियाच्या वणव्यांतून आलेली पद्धत बरी. १९७० च्या भीषण आगींनंतर तिथल्या अग्निशमन दलांनी ती घडवली, आता आयटीवाले उचलतात. कॉलवर एकच इन्सिडेंट कमांडर, म्हणजे त्या प्रसंगाची सूत्रं हाती असलेला माणूस, आणि तो कीबोर्डला हात लावत नाही. दुसरा माणूस मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो, तिसरा फक्त साहेबांशी बोलतो. कमांडरने विचारायचं, ‘आपला अंदाज खोटा असेल तर आत्ता कुठे काय दिसेल?’ आणि बारा तास झालेल्या माणसाला झोपायला धाडायचं, तो नाही म्हणाला तरी.