हंगुल: २४ वर्ण आणि ११,१७२ संकेतांक

राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली हंगुल लिपी मुळात अगदी आटोपशीर. आज वापरात असलेले मूळ वर्ण २४: १४ व्यंजनं, १० स्वर. पण ते एकापुढे एक लिहीत नाहीत. आरंभीचं व्यंजन, स्वर आणि असलंच तर शेवटचं व्यंजन एका चौकोनात रचलं की अक्षर होतं. जोडवर्ण धरले तर आरंभी १९, मध्ये २१ आणि शेवटी २७ पर्याय मिळतात. शेवटी काहीच नसणं हा अठ्ठाविसावा. गुणाकार केला की ११,१७२. संगणकात साठवायचं काय, घटक की तयार अक्षर, या प्रश्नावर कोरियात दोन तट पडले.

'जोहाब' पद्धत घटकांची. सोळा बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १) पहिला खुणेचा, उरलेल्यांतले पाच-पाच तीन घटकांना. त्यात कुठलंही अक्षर बसायचं. अडचण अशी, की दोन बाइटांच्या, म्हणजे सोळा बिटांच्याच, आंतरराष्ट्रीय चौकटीत ९४ गुणिले ९४, म्हणजे ८,८३६ जागाच होत्या, आणि जोहाब त्या चौकटीबाहेर जात होती. त्यामुळे १९८७ मध्ये 'केएस सी ५६०१' या सरकारी मानकाने दुसरी वाट धरली. 'वानसंग' पद्धतीने २,३५० नेहमीची अक्षरं निवडली, प्रत्येकाला क्रमांक, म्हणजे संकेतांक, दिला, आणि ४,८८८ चिनी चित्राक्षरांनाही जागा दिली. बाकीची ८,८२२ हंगुल अक्षरं बाहेर राहिली. ती क्वचितच लागतात हे खरं. पण थायलंडच्या 'टॉम याम' सूपचं नाव लिहायचं तर पहिलंच अक्षर त्या यादीत नव्हतं! इतक्या नियमबद्ध लिपीला निवडक यादीत कोंबणं मला तरी उफराटं वाटतं. ओरड झाल्यावर १९९२ मध्ये जोहाबही मानकाच्या परिशिष्टात आली.

विंडोज ९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने राहिलेली सगळी अक्षरं त्या चौकटीबाहेरच्या रिकाम्या जागांत भरली. लिहिण्याची सोय झाली, पण क्रमांकांचा क्रम आणि शब्दकोशाचा क्रम यांची फारकत झाली.

जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाने १९९१ मध्ये तीच २,३५० अक्षरं घेतली, १९९३ मध्ये त्यात भर घालून ६,६५६ केली. पण ही भर वेगळ्या गटांत होती, सलग क्रम नव्हताच. शेवटी जुलै १९९६ च्या आवृत्ती २.० ने ती सगळी उचलून नव्या जागी, शब्दकोशाच्या क्रमाने पूर्ण ११,१७२ मांडली. जुनी जागा १९९९ मध्ये चिनी चित्राक्षरांना गेली. १९९६ पूर्वीच्या युनिकोडमधली हंगुल फाइल आज तशीच उघडली तर चिनी मजकूर दिसेल. जाणकार या प्रकरणाला 'कोरियन गोंधळ' म्हणतात. एकदा दिलेला संकेतांक हलवायचा नाही, हा दंडक युनिकोडने त्यानंतर घालून घेतला.

नव्या मांडणीची गंमत अशी, की यादी असूनही तिच्या पोटात जोहाबचंच गणित आहे. आरंभीच्या व्यंजनाचा क्रमांक गुणिले २१, त्यात स्वराचा क्रमांक. त्याला २८ ने गुणून शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवायचा, वर ४४,०३२. मोजणी शून्यापासून. 'हान' या अक्षरात ह अठरावा, आ शून्य, न चौथा, उत्तर ५४,६२०.

आपल्या देवनागरीचा प्रवास उलटा. युनिकोडने १९८८ च्या इस्की या भारतीय मानकाची मांडणी उचलली आणि सुटे वर्ण, मात्रा, हलन्त एवढ्यांनाच संकेतांक दिले. 'क्ष' साठवला जातो तो क, हलन्त आणि ष असे तीन मिळून.

हंगुलचे सुटे घटकही युनिकोडमध्ये आहेत. आज वापरात नसलेल्या जुन्या वर्णांची अक्षरं ११,१७२ मध्ये नाहीत, ती या घटकांतूनच जुळवावी लागतात. २००९ मध्ये त्यांत आणखी घटक आले. म्हणजे 'हान' दोन प्रकारे साठवता येतो: एका संकेतांकाने किंवा तीन घटकांनी. युनिकोडच्या नियमांनुसार दोन्ही समानच. पण मॅकची जुनी फाइलप्रणाली फाइलींची नावं घटकांत फोडून ठेवायची, त्यामुळे मॅकवरून विंडोजवर पाठवलेल्या कोरियन फाइलचं नाव कित्येकदा सुट्या वर्णांची लांबच लांब रांग होऊन उतरतं.