वाइनच्या आस्वादाला शब्द कसे मिळाले

लाल वाइनमध्ये काळी मिरी किंवा चेरी आणि पांढऱ्या वाइनमध्ये लिंबू किंवा लोणी असे गंध वेगवेगळे ओळखून सांगण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की, ती वाइनइतकीच जुनी असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिचे आजचे पद्धतशीर रूप जेमतेम चार दशकांचे आहे आणि ते एका प्रयोगशाळेच्या गरजेतून घडले.

त्याआधी वाइनची ओळख मुख्यतः तिच्या मळ्यावरून आणि किमतीवरून होत असे. 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनप्रदेशातील दलालांनी तिथल्या वाइनची जी प्रतवारी केली, तिचा आधार बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेला भाव हा होता. वर्णनात ‘कुलीन’, ‘भारदस्त’, ‘नाजूक’ अशी माणसांना लावायची विशेषणे येत. त्यांतून बोलणाऱ्याचा आदर कळे, पेल्यात काय आहे ते मात्र फारसे कळत नसे.

अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती. ती उठली तेव्हा वाइन-उद्योग मोडकळीला आला होता आणि बाजारात येणाऱ्या बऱ्याच वाइन सदोष होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वाइनशास्त्र विभागाने हा उद्योग पुन्हा उभा करण्याचे काम हाती घेतले आणि 1959मध्ये मेनार्ड अमेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 गुणांची परीक्षणपद्धत तयार केली. स्वच्छता, रंग, व्हिनेगरसारखा आंबूस वास, कडवटपणा अशा निकषांची ही पद्धत दोष शोधण्यासाठी उत्तम होती. पुढे वाइन निर्दोष होऊ लागल्या तेव्हा तिची मर्यादा दिसली. दोन वाइनना सारखेच गुण मिळाले, तर त्यांच्यात फरक कोणता, हे ती सांगू शकत नव्हती.

ही उणीव डेव्हिसमध्येच अ‍ॅन नोबल यांनी भरून काढली. 1974मध्ये त्या विभागाच्या पहिल्या महिला प्राध्यापक म्हणून त्या रुजू झाल्या होत्या. 1980च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या गंधचक्राच्या, म्हणजे वासांच्या शब्दांच्या गोलाकार तक्त्याच्या, आतल्या वर्तुळात फळे, फुले, मसाले, लाकूड, माती असे ढोबळ वर्ग आहेत आणि बाहेरच्या वर्तुळाकडे जाताना ते नेमके होत जातात. ‘उत्तम’, ‘डौलदार’ अशा शब्दांना तिथे जागा नाही. माझ्या मते या चक्राहूनही मोलाची आहे ती त्यामागची शिस्त. प्रत्येक शब्दासाठी साध्या वाइनमध्ये दुकानात मिळणारा पदार्थ, म्हणजे ढोबळी मिरचीचा तुकडा, लवंग किंवा मिरी, घालून नमुना करायचा आणि सर्वांनी तोच वास घेऊन त्या शब्दाचा अर्थ पक्का करायचा. मत वेगळे असले तरी बोलणे एकाच गोष्टीविषयी होते.

रसायनशास्त्रानेही या शब्दांना आधार दिला. काबर्ने सोव्हिन्याँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षांतला ढोबळ्या मिरचीचा वास पायरेझिन गटातल्या संयुगांमुळे येतो, तर पांढऱ्या वाइनमधला लोण्याचा वास डायअसेटिलमुळे. शिराझ या द्राक्षाच्या लाल वाइनमधल्या मिरीच्या वासाचे कारण असलेले रोटंडोन हे संयुग 2008मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जाहीर केले. लाल वाइन सालींसह आंबवली जात असल्याने तिच्यात रंगाबरोबर टॅनिन हे सालींमधले तुरट द्रव्य उतरते आणि तोंडाला कोरड पाडणारा तुरटपणा येतो. पांढरी बहुधा आंबवण्यापूर्वीच गाळून घेतलेल्या रसाची असल्याने तिच्या वर्णनात आंबटपणा पुढे येतो.

तरीही नाकावर डोळ्यांचा प्रभाव किती असतो, हे 2001मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी दाखवले. त्यांनी एका पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला. ती हुंगताना वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी प्रामुख्याने लाल वाइनचे शब्द वापरले. रंग लपवण्यासाठी काळे पेले वापरण्याचे महत्त्व अशा निष्कर्षांमुळे अधिकच पटते.

महाराष्ट्राने 2001मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि नाशिकच्या परिसरात वाइननिर्मिती वाढली. तिच्यासोबत आस्वादाचे पाश्चात्त्य अभ्यासक्रमही इथे आले आणि त्यांतले ब्लॅककरंटसारखे शब्दही. हे फळ आपल्या बाजारात क्वचितच ताजे दिसते. नोबल यांची पद्धत जवळच्या दुकानातील पदार्थांवर उभी असल्याने इथल्या आस्वादकांनी जांभूळ, करवंद, पेरू आणि कैरी यांचे नमुने करून आपली स्वतंत्र शब्दसूची तयार करावी, असे मला मनापासून वाटते.