भरलेली रोकड खात्यात दिसत नाही? बँकेकडे तक्रार कशी करायची, कोणते कागद लागतात

संध्याकाळी शाखेचं शटर अर्धं खाली आलं की कॅशिअरची खरी परीक्षा सुरू होते. सकाळची शिल्लक, दिवसभरात आलेली रोकड, दिलेली रोकड आणि हातात उरलेली रोकड यांचा मेळ बसायलाच हवा. नाशिकमध्ये मी तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. कॅश कमी निघाली तर ती खिशातून भरावी लागायची, त्याचा त्रास व्हायचाच. पण कॅश जास्त निघाली की मला त्याहून जास्त अस्वस्थ वाटायचं. कारण त्याचा अर्थ असा, की कुणाचे तरी पैसे त्याच्या खात्यात पडलेले नाहीत आणि त्या माणसाला बहुधा ते अजून कळलेलंही नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: मेसेज आला नाही किंवा रक्कम कमी दिसली, तर त्याच दिवशी, शाखा बंद व्हायच्या आत परत जा. जास्त निघालेली रोकड बँकेला वेगळ्या खात्यात तारखेसह नोंदवावी लागते. त्याच तारखेची, तेवढ्याच रकमेची तुमची लेखी तक्रार समोर असेल, तर प्रश्न एका दिवसात सुटू शकतो. तीन महिन्यांनी पासबुक भरायला गेल्यावर लक्षात आलं, तर तीच गोष्ट डोंगराएवढी होते.

"आमची कॅश जुळली आहे" या उत्तरावर परतू नका

हे उत्तर शाखेत हमखास मिळतं आणि माणूस हिरमुसून घरी येतो. कॅश जुळली याचा अर्थ एवढाच, की सिस्टीममध्ये टाकलेली रक्कम आणि तिजोरीतली रक्कम सारखी आहे. तुमचे ४०,००० रुपये खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट होऊन दुसऱ्याच्याच खात्यात गेले असतील, तरी कॅश तंतोतंत जुळते. म्हणून शांतपणे एवढंच म्हणा: "त्या दिवसाचं व्हाउचर काढा." आपण भरून दिलेल्या स्लिपचा मोठा भाग बँकेकडे राहतो, तेच व्हाउचर. त्यावर व्यवहार क्रमांक असतो, आणि तो क्रमांक सिस्टीममध्ये टाकला की पैसे कुठल्या खात्यात गेले ते दिसतं. चूक बँकेच्या टायपिंगची असेल तर ती बँकेने दुरुस्त करायची. क्रमांक तुम्हीच चुकीचा लिहिला असेल, तर बँक त्या दुसऱ्या खातेदाराशी संपर्क साधते. त्याला वेळ लागतो, पण लेखी अर्ज तेव्हाही हवाच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे शून्य राहून जाणं, ५०,००० चे ५,०००. अशा वेळी संध्याकाळी कॅश ४५,००० ने जास्त निघते आणि तुमची काउंटरफॉइल, म्हणजे शिक्का मारून तुम्हाला परत मिळालेला स्लिपचा छोटा भाग, लगेच कामाला येते.

तक्रार कोण करू शकतो

ज्याच्या नावावर खातं आहे तो. संयुक्त खातं असेल तर कोणीही एक खातेदार. दुकानाची रोकड मेनरोडवरून नोकर भरायला गेला असेल, तर तक्रारीवर मालकाची सही घ्या आणि "रोकड आमचे कर्मचारी अमुक यांनी भरली" हे वाक्य घाला. गावाकडून मुलाच्या खात्यात पैसे भरले असतील, तर मुलाने अर्ज करावा आणि भरणाऱ्याची काउंटरफॉइल जोडावी. खातेदार हयात नसेल तर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करू शकते.

कागद

काउंटरफॉइल सर्वांत महत्त्वाची. त्यावर बँकेचा शिक्का, तारीख आणि सही तिन्ही आहेत का, ते काउंटर सोडण्याआधी बघायचं. पलीकडे रांग वाढते, मागचा माणूस खाकरतो, तरी बघायचं. स्लिपवर नोटांच्या तपशिलाचा रकाना असतो, तो घाईत रिकामा सोडू नका. पाचशेच्या ८६ आणि शंभरच्या ७० असं लिहिलेलं असेल, तर ५०,००० चा हिशेब त्यातूनच उभा राहतो.

तिच्या जोडीला पासबुकाची किंवा स्टेटमेंटची प्रत लागते, भरण्याच्या दिवसापासून पुढच्या आठवड्यापर्यंतची. ओळखपत्र, मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, आणि रोकड आली कुठून याचा एखादा कागदही जोडा. शेतकऱ्याकडे लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातली हिशोबपट्टी असते, दुकानदाराकडे रोजकीर्द. हा कागद सक्तीचा नाही, पण "एवढी रक्कम त्या दिवशी माझ्याकडे होती" हे त्यातून दिसतं.

काउंटरफॉइल हरवली असेल तर खरं सांगतो, प्रकरण अवघड होतं. तरी व्हाउचर आणि सीसीटीव्ही बँकेकडे असतात. फुटेज कायम ठेवलं जात नाही, जुनं पुसलं जातं. त्यामुळे अर्जात "फुटेज जपून ठेवावे" ही मागणी पहिल्याच दिवशी लिहा.

अर्ज असा लिहा

मराठीत लिहा, साध्या कागदावर चालतो.

"प्रति, मा. शाखाधिकारी. विषय: दि. … रोजी भरलेली रोख रक्कम खात्यात जमा न झाल्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. … आहे. मी दि. … रोजी दुपारी अंदाजे … वाजता काउंटर क्र. … वर रोख रु. … भरले. नोटांचा तपशील: … सदर रक्कम आजपर्यंत खात्यात जमा झालेली नाही. कृपया त्या दिवसाचे व्हाउचर, कॅशचा हिशेब व सीसीटीव्ही फुटेज तपासावे, फुटेज जपून ठेवावे आणि रक्कम भरल्याच्या तारखेपासून जमा करावी. काउंटरफॉइलची प्रत जोडली आहे."

शेवटचे शब्द, "भरल्याच्या तारखेपासून", मुद्दाम घातले आहेत. पैसे वीस दिवसांनी जमा झाले तर मधल्या दिवसांचं व्याज बुडतं. मागच्या तारखेने जमा झाले तर ते मिळतं. या गोंधळात कर्जाचा हप्ता परत गेला असेल किंवा चेक वटला नसेल, तर तो दंडही परत मागा.

दोन प्रती करा. एका प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. पोच देत नसतील तर तोच अर्ज बँकेच्या ईमेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. टोल फ्री क्रमांकावरही तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. पुढे सगळं तक्रारीच्या तारखेवर चालतं.

मशीनमध्ये पैसे अडकले तर

निवृत्तीनंतर हा प्रसंग माझ्यावरच आला. कॉलेज रोडवरच्या एका कॅश डिपॉझिट मशीनमध्ये मी २४,५०० रुपये ठेवले. झडप मिटली, नोटा मोजल्याचा खर्रर्र आवाज आला, आणि लाइट गेली. स्क्रीन काळी. पावती नाही, मेसेज नाही. मी तिथून हललो नाही. मशीनवर चिकटवलेल्या क्रमांकाचा आणि काळ्या स्क्रीनचा फोटो काढला, फोनवर वेळ टिपली आणि तिथूनच टोल फ्रीला फोन लावला. वीज आल्यावरही दहा मिनिटं थांबलो. मशीन पुन्हा सुरू होताना कधी कधी अडकलेल्या नोटा बाहेर फेकतं, आणि आपण निघून गेलेलो असलो तर त्या मागच्या माणसाच्या हाती लागतात. माझ्या नोटा बाहेर आल्या नाहीत.

बँक अशा वेळी दोन गोष्टी पडताळते. मशीन प्रत्येक हालचालीची नोंद आपोआप ठेवतं, ती एक. आणि मशीन उघडून मोजलेली रोकड, ही दुसरी. आधी मला फोनवर सांगितलं, "व्यवहार अयशस्वी दिसतोय, पैसे मशीनने परत दिलेत." मी लेखी मागितलं आणि अर्जात फोटोची वेळ टाकली. तेराव्या दिवशी रक्कम जमा झाली.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. पुष्कळ जण तो इथेही सांगतात. पण तो काढण्याच्या व्यवहारासाठी लिहिलेला आहे. भरण्याच्या तक्रारीत त्यावर विसंबू नका, व्याज आणि प्रत्यक्ष नुकसान मागा.

आणखी एक. मशीनची पावती उष्णतेने छापलेल्या कागदाची असते. पाकिटात महिनाभर राहिली की कोरी होते. हातात पडताच फोटो काढा.

रक्कम बनावट नोटांमुळे कमी झाली असेल तर गोष्ट वेगळी. काउंटरवर बनावट नोट सापडली तर बँकेने ती शिक्का मारून जप्त करायची आणि तुम्हाला पावती द्यायची असते. तिचे पैसे मिळत नाहीत. पण पावती न देता नुसती रक्कम कापली असेल, तर तीही तक्रार आहे.

३० दिवसांनंतर: लोकपाल

बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच योजना झाली. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर करायची, किंवा सही केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडमधल्या केंद्रीकृत कार्यालयात, सेक्टर १७, पिन १६००१७, इथे पोस्टाने पाठवायचा. १४४४८ या फोन क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. शुल्क नाही.

अटी थोड्याच आहेत, पण त्यांवरच अर्ज पडतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो. तोच वाद कोर्टात चालू नसावा. अर्ज स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीने करायचा, वकिलामार्फत नाही. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत ठेवली होती, पण वर्षाकडे बघू नका, ३१ व्या दिवशी अर्ज करा. वादाच्या रकमेला मर्यादा नाही. त्यातून झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत, आणि वेळ, खर्च व मनस्तापापोटी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद या योजनेत केली.

मात्र लोकपाल साक्षीपुरावे घेऊन खटला चालवत नाही. कागद नसलेली, "मी दिले, तुम्ही घेतले नाही" एवढ्यावरच अडलेली प्रकरणं तिथे बंद होऊ शकतात. मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जायचं. मुदत दोन वर्षं, मोबदला (म्हणजे सेवेसाठी मोजलेली रक्कम) पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, त्यामुळे बँकेचं मुख्यालय कुठेही असो. व्यापारी खातं असेल तर बँक "हे ग्राहक नाहीत" असा आक्षेप घेऊ शकते. स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यापुरता धंदा असल्याचं अर्जात स्पष्ट लिहा.

बँक सरकारी असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करून आपल्या व्यवहाराच्या व्हाउचरची प्रत मागता येते. कर्मचाऱ्याने पैसे घेऊन खोटी पावती दिल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये बँकेच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताला वेगळी, कडक शिक्षा आहे.

पतसंस्था, पिग्मी आणि बँक मित्र

आपल्या जिल्ह्यात पुष्कळ जणांची रोजची बचत पतसंस्थेत असते. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा नाशिकच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. रोजची बचत दारात येऊन गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाने वहीत हाताने लिहिलेला आकडा आणि संस्थेच्या खातेउताऱ्यातला आकडा दर महिन्याला जुळवून बघा, कारण फरक तिथेच पडतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवर बँक मित्राकडे पैसे भरले जातात. तो बँकेनेच नेमलेला असल्याने त्याच्या चुकीची जबाबदारी बँकेवर येते. मशीनमधून निघालेली पावती मागा. पासबुकात पेनाने लिहिलेली नोंद पावती होत नाही. आणि तक्रार त्याच्याकडे नाही, तो ज्या शाखेला जोडलेला आहे त्या शाखेत द्या, पोच घेऊन.