वाळू रगडून काढलेलं तेल

नोव्हेंबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रायन वॉन्सिंक यांनी आपल्या ब्लॉगवर नव्या संशोधकांसाठी चार उपदेशाच्या गोष्टी लिहिल्या. त्यात तुर्कस्तानातून आलेल्या एका विद्यार्थिनीचं तोंडभरून कौतुक होतं. तिला पगार नव्हता, पण कुठल्याही कामाला तिने कधी नाही म्हटलं नाही. वॉन्सिंकनी तिच्या हाती एका फसलेल्या प्रयोगाची आकडेवारी दिली होती. एका इटालियन उपाहारगृहात 'हवा तेवढा पिझ्झा खा' असा बुफे असे. तिथे काही गिऱ्हाइकांकडून 8 डॉलर घेतले, काहींकडून 4. पैसे वसूल करण्याची वृत्ती आपल्याला नवी नाही, तेव्हा प्रयोगामागची कल्पना कळायला कठीण नाही. पण ठरवलेल्या प्रश्नातून काहीच निघालं नाही. मग पदरचे पैसे घालून जमवलेली ही माहिती वाया कशी घालवायची? यातून काहीतरी वाचवता यायलाच हवं, असं त्यांनी तिला सांगितलं. ती रोज नवं विश्लेषण घेऊन यायची, आकडे असे का आले म्हणून डोकं खाजवणं व्हायचं आणि मग तीच आकडेवारी आणखी एका बाजूने तपासली जायची. थोड्याच महिन्यांत तिच्या नावावर पाच शोधनिबंध तयार झाले. त्यांतले चार पिझ्झाचेच. हेच काम नाकारणाऱ्या एका पगारी संशोधकाचं उदाहरण शेजारी ठेवून वॉन्सिंकनी लिहिलं होतं की संधी चालून आली की ती अशी घ्यायची असते.

वॉन्सिंक कोणी लहानसहान माणूस नव्हते. माणूस किती खातो हे भुकेपेक्षा ताटाचा आकार, वाढण्याचं भांडं, पाकिटावरचं चित्र यांवर ठरतं, हा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांनी टेबलाखालून नळी जोडून गुपचूप पुन्हा भरत राहणारी सूपची वाटी बनवली होती. त्या वाटीतून पिणाऱ्यांनी 73 टक्के जास्त सूप प्यायलं आणि आपण जास्त प्यायलो हे त्यांना कळलंही नाही, असं त्यांनी 2005 मध्ये जाहीर केलं. आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं इग नोबेल 2007 मध्ये या वाटीला मिळालं. त्याच वर्षी ते अमेरिकी कृषिखात्याच्या पोषणविषयक केंद्राचे प्रमुख झाले. शाळांच्या जेवणघरांत फळं कुठे आणि कशी मांडावीत याचे त्यांचे सल्ले हजारो शाळांनी उचलले. वर्तमानपत्रांना तर त्यांचं प्रत्येक संशोधन म्हणजे तयार मथळाच. पुरुष बायकांच्या सोबतीने जेवायला बसले की 93 टक्के जास्त पिझ्झा खातात, हा त्या चार निबंधांपैकीच एकाचा निष्कर्ष. तो छापला गेला नसता तरच नवल.

ब्लॉग वाचून संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी मात्र कपाळावर हात मारला. का, ते समजायला थोडं गणित लागतं.

वर्तनविज्ञानात दोन गटांमध्ये फरक दिसला की पहिला प्रश्न असतो: खरं तर काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती? या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात. ते 0.05 पेक्षा, म्हणजे वीसात एकपेक्षा कमी आलं की निष्कर्ष 'लक्षणीय' ठरतो आणि नियतकालिकाचं दार किलकिलं होतं. एका आधीच ठरवलेल्या प्रश्नाला ही कसोटी लावली तर ठीक. पण ज्या आकडेवारीत काहीच दडलेलं नाही, तिला एकमेकांशी संबंध नसलेले 20 प्रश्न विचारले, तर निदान एकाचं उत्तर 'लक्षणीय' येण्याची शक्यता 64 टक्क्यांवर जाते. (0.95 चा विसावा घात काढा आणि 1 मधून वजा करा.) आणि मग छापताना ते एकच उत्तर छापायचं, उरलेल्या 19 प्रश्नांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. वाचणाऱ्याला वाटतं, हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर आलं. या प्रकाराला पी-हॅकिंग असं नाव आहे.

पुढे, फेब्रुवारी 2018 मध्ये, वॉन्सिंक यांचे ईमेल बझफीड न्यूज या वृत्तसंकेतस्थळाने उजेडात आणले. विद्यार्थिनी अमेरिकेत पोचण्याआधीच तिला लिहिलं होतं, की आकडेवारीचे तुकडे पाडून बघ: पुरुष, बायका, दुपारी येणारे, रात्री येणारे, एकटे बसणारे, दोघं बसणारे, घोळक्याने बसणारे, दारू मागवणारे, सरबत मागवणारे, बुफेजवळ बसणारे, लांब बसणारे... यादी बरीच लांब आहे. मेहनत कर आणि या दगडातून रक्त काढ, असाही सल्ला होता. आपल्याकडे 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. संख्याशास्त्रात ते अक्षरशः खरं आहे, हीच पंचाईत. पुरेसं रगडलं तर तेल गळतंच, वाळूत असो वा नसो.

ब्लॉग वाचून तिघांनी ते पिझ्झाचे चार निबंध तपासायला घेतले: जॉर्डन अनाया, टिम व्हॅन डर झी आणि निक ब्राउन. त्यांतले ब्राउन संगणकक्षेत्रात आयुष्य घालवून उतारवयात मानसशास्त्राकडे वळलेले गृहस्थ. ब्राउन आणि त्यांचे सहकारी जेम्स हेदर्स यांनी तेव्हा नुकतीच एक चाचणी तयार केली होती. तिचं नाव ग्रिम. तिची गंमत अशी की तिला मूळ आकडेवारी लागतच नाही, शाळेतला भागाकार पुरतो. समजा 25 जणांना पिझ्झा कसा लागला याचे 1 ते 9 मध्ये गुण द्यायला सांगितले. प्रत्येकाने पूर्णांकात गुण दिले, म्हणजे बेरीजही पूर्णांकच येणार. तिला 25 ने भागलं की सरासरी 0.04 च्या पटीतच येते. 3.48 येऊ शकते, 3.52 येऊ शकते. निबंधात 3.47 छापलेलं असेल, तर कुठेतरी नक्की घोळ आहे. घोळ टायपिंगचा असेल, कोणी उत्तर न देता उठून गेलं असेल किंवा आणखी काही असेल, ते ही चाचणी सांगत नाही. पण छापलेला आकडा अशक्य आहे, एवढं ती निर्विवादपणे सांगते. या दोघांनी मानसशास्त्रातले 71 निबंध या चाचणीला लावून पाहिले होते. त्यांतल्या 36 मध्ये निदान एक तरी सरासरी अशक्य निघाली!

पिझ्झाच्या चार निबंधांत तिघांना जवळपास 150 विसंगती सापडल्या. तेच लोक, तोच बुफे, पण एका निबंधात जेवणाऱ्यांची संख्या एक आणि दुसऱ्यात भलतीच. मग लोक वॉन्सिंक यांचं जुनं कामही उकरू लागले. सफरचंदावर एल्मो या कार्टूनचं स्टिकर लावलं की 8 ते 11 वर्षांची मुलं ते बिस्किटापेक्षा आवडीने उचलतात, असा एक नावाजलेला निबंध होता. ती मुलं प्रत्यक्षात 3 ते 5 वर्षांची होती, हे नंतर उघड झालं. म्हणजे प्रयोग शाळेतल्या पोरांवर झालाय की बालवाडीतल्या, हेच लेखकांना नीट माहीत नव्हतं. तो निबंध आधी दुरुस्त करून पुन्हा छापला आणि मग तोही मागे घेतला. सप्टेंबर 2018 मध्ये जामा या नामांकित वैद्यकीय नियतकालिक-समूहाने एकाच दिवशी त्यांचे सहा निबंध मागे घेतले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: आकडेवारीची चुकीची मांडणी, संख्याशास्त्राचा सदोष वापर, मूळ नोंदी जपून न ठेवणं आणि लेखक म्हणून गैरवाजवी नावं घालणं. वॉन्सिंक राजीनामा देऊन 2019 मध्ये निवृत्त झाले. आपण जाणूनबुजून काही खोटं केलं नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

मला त्यांचं हे म्हणणं खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. नेदरलँड्समधले डिडरिक स्टापेल यांनी घरी बसून आकडे रचले, 2011 मध्ये पकडले गेले आणि त्यांचे 58 निबंध मागे घ्यावे लागले. तो उघड लबाडीचा मामला होता. पण लबाडी करणारा माणूस आपली पद्धत ब्लॉगवर टाकत नाही. वॉन्सिंकनी ती टाकली, कारण त्यांच्या लेखी ती चिकाटी होती. फसलेल्या प्रयोगातून पाच निबंध काढणारी विद्यार्थिनी कष्टाळू आणि नको म्हणणारा संशोधक आळशी, हे त्यांचं मोजमाप त्यांच्या क्षेत्राने त्यांना शिकवलं होतं, आणि बढती, अनुदान, प्रसिद्धी अशा रूपांत त्याची पावतीही दिली होती.

याच कॉर्नेलमधलं आणखी एक उदाहरण पाहा. डॅरिल बेम हे सामाजिक मानसशास्त्रातलं मोठं नाव. 2011 मध्ये त्यांनी हजारावर विद्यार्थ्यांवर केलेले नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना भविष्यातल्या गोष्टींची चाहूल आधीच लागते, असं नऊपैकी आठांत 'लक्षणीय' रीतीने सिद्ध झालं होतं. छापणारं नियतकालिक या विषयातलं अग्रगण्य. ब्रिटनमधल्या तिघा संशोधकांनी त्यातला एक प्रयोग तीन ठिकाणी पुन्हा केला, तेव्हा चाहूलबिहूल काही दिसली नाही. त्यांनी तो निबंध त्याच नियतकालिकाकडे पाठवला. आम्ही आधीच झालेल्या प्रयोगांची पुनरावृत्ती छापत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे भविष्य दिसतं हे छापायचं, आणि दिसत नाही हे छापायचं नाही.

त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन या तिघांनी या पद्धतींची टर उडवणारा एक निबंध लिहिला. प्रयोग खरा, माणसं खरी, हिशेब नियमांत बसणारा. आणि निष्कर्ष असा की एक ठरावीक गाणं ऐकलं की माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं. उत्साह नव्हे, प्रत्यक्ष वय. त्यांनी एवढंच केलं होतं: काय मोजायचं, किती माणसं घ्यायची, कुठला गट वगळायचा हे आकडे पाहून ठरवलं. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर निव्वळ योगायोग 'लक्षणीय' ठरण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून 61 टक्क्यांवर जाते, हेही त्यांनी दाखवून दिलं.

मग हिशेबाचा दिवस आला. व्हर्जिनियातल्या ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने 270 संशोधकांनी मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा केले. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांचे निष्कर्ष लक्षणीय होते. 2015 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या निकालानुसार पुनरावृत्तीत 36 टक्केच तसे निघाले, आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. उरलेले सगळे खोटे, असा याचा अर्थ लावणं चूक ठरेल. पुनरावृत्तीही फसू शकते. पण निम्म्याहून जास्त वेळा हाती काही लागत नाही, ही स्थिती कुठल्याही शास्त्राला परवडणारी नाही.

आपल्याकडे हा आजार वेगळ्या रूपात आहे. इथे दगडातून रक्त काढायचीही फारशी गरज पडत नाही, कारण दाराशी कोणी तपासायला बसलेलंच नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापून येणं सक्तीचं केलं. पाठोपाठ प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आले. मग 'पेपर टाकायचाय, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) असलेलं जर्नल सुचवा' हे स्टाफरूममधलं नेहमीचं वाक्य झालं. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो, अशी दुकानं उभी राहिली. मागणी होती, पुरवठा झाला. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1009 नियतकालिकं तपासली. कुणाचा पत्ता नाही, कुणाच्या संपादकांचा पत्ता नाही, कुणाचा आयएसएसएन क्रमांकच चुकीचा. त्यांच्या 2018 च्या निष्कर्षानुसार यातली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने 4305 नियतकालिकं यादीतून काढली आणि 2019 मध्ये केअर ही नवी यादी आणली. 2022 मध्ये पीएच.डी.साठीची सक्ती उठली आणि 2025 मध्ये केअरही बंद झाली. आता दर्जा ठरवण्याचं काम पुन्हा संस्थांकडे.

याद्यांपेक्षा मला जास्त आशा वाटते ती एका साध्या बदलाची. क्रिस चेंबर्स यांनी 2013 मध्ये कॉर्टेक्स या नियतकालिकात तो सुरू केला. संशोधकाने प्रयोगाआधीच प्रश्न, पद्धत आणि विश्लेषणाचा आराखडा लिहून पाठवायचा. परीक्षकांनी तो तपासायचा. आराखडा पटला तर निबंध छापायचं वचन तेव्हाच द्यायचं, उत्तर काहीही येवो. याला नोंदणीकृत अहवाल म्हणतात. उत्तरावर छपाई अवलंबून नसल्याने रगडण्याचं कारणच संपतं. 2021 मध्ये ॲन शील आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातल्या अशा 71 अहवालांची तुलना नेहमीच्या 152 निबंधांशी केली. नेहमीच्या निबंधांत संशोधकाचं गृहीतक 96 टक्के वेळा खरं ठरलं होतं, नोंदणीकृत अहवालांत 44 टक्के वेळा. बहुधा तिथे एरवी टेबलाच्या खणात गेलेली नकारार्थी उत्तरंही छापून येत असावीत.

पण सुधारणावाल्यांनाही हा मोह सुटलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये नेचर ह्यूमन बिहेविअर या नियतकालिकात एक निबंध आला. आधी नोंदणी, भरपूर माणसं आणि पारदर्शकता असली की वर्तनविज्ञानातले प्रयोग उत्तम पुनरावृत्त होतात, असं त्यात म्हटलं होतं. लेखकांत खुद्द नोसेक आणि गाण्याने वय घटवून दाखवणारे नेल्सन होते. सगळं विश्लेषण आधी नोंदवलेलं आहे, असंही त्यात लिहिलेलं. जो बाक-कोलमन आणि बर्ना डेव्हेझर यांनी नोंदी काढून पाहिल्या, तर मुख्य दाव्यामागचं विश्लेषण आधी नोंदवलेलंच नव्हतं. त्या प्रकल्पात मुळात भलतंच शोधायचं होतं: प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यानेच त्याचा परिणाम क्षीण होत जातो का. तसं काही आढळलं नाही, आणि हाताशी असलेल्या आकडेवारीतून दुसरा निष्कर्ष पुढे आला. नोंदणीबद्दलचं विधान चुकीचं होतं, पण ती प्रामाणिक चूक होती, असं लेखकांचं म्हणणं. सप्टेंबर 2024 मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला.