द प्रोसेस ऑफ बिलीफ

'द प्रोसेस ऑफ बिलीफ' हा 'बॅड रिलिजन' या लॉस एंजेलिसच्या पंक रॉक बँडचा बारावा स्टुडिओ अल्बम जानेवारी २००२ मध्ये एपिटाफ या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढला. बँडने तोवर दोन दशकं पार केली होती. या वयात पंक बँड बहुधा जुन्या गाण्यांवर दिवस काढू लागतात; इथे नेमकं उलट घडलं.

एपिटाफ मुळात या बँडच्याच रेकॉर्ड्स काढण्यासाठी जन्माला आलेलं लेबल. ते चालवणारा ब्रेट गुरविट्झ बँडचा गिटारिस्ट आणि गायक ग्रेग ग्रॅफिनच्या जोडीचा गीतकार. १९९३ मध्ये बँड अटलांटिक या मोठ्या कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी एपिटाफने काढलेल्या, ऑफस्प्रिंग या बँडच्या 'स्मॅश' अल्बमची तुफान विक्री होऊन एपिटाफचा व्याप अफाट वाढला आणि गुरविट्झने बँड सोडला. त्याच्या जागी ब्रायन बेकर आला. अटलांटिकच्या पुढच्या तीन अल्बमांत लेखणीचा जवळजवळ सगळा भार एकट्या ग्रॅफिनवर पडला. गाणी वाईट नव्हती, पण समोरून कोणी टक्कर देत नसलं की काय हरवतं, ते ऐकताना जाणवतं.

२००१ मध्ये बँड एपिटाफकडे परतला, गुरविट्झही परतला. बेकरला मात्र जावं लागलं नाही. तो आणि ग्रेग हेटसन होतेच, त्यामुळे गिटारिस्ट तीन झाले. बास गिटार आधीपासूनच्या जे बेंटलीकडेच राहिली. खांद्याच्या दुखण्यामुळे ड्रमर बॉबी शेयरला थांबावं लागलं होतं. त्याच्या जागी ब्रूक्स वॅकरमन आला. निर्मिती ग्रॅफिन आणि गुरविट्झ यांनी स्वतः केली.

नव्या ड्रमरने काय आणलं, हे 'सुपरसॉनिक' सुरू होताच कळतं. पहिली तीन गाणी मिळून पाच मिनिटंही भरत नाहीत, आणि तेवढ्यात कुठे श्वास घ्यायला जागा नाही. तरी त्या वेगावर तरंगणारे, एकमेकांत मिसळलेले गाणाऱ्यांचे आवाज, ही या बँडची खरी ओळख, एकदाही विस्कटत नाहीत.

'क्योटो नाऊ!' हे ग्रॅफिनच्या आस्थेच्या विषयावरचं, म्हणजे पर्यावरणावरचं गाणं. हवामानविषयक क्योटो करार अमेरिकेने २००१ मध्ये नाकारला होता.

अल्बमचा गाभा मात्र गुरविट्झच्या 'सॉरो'मध्ये आहे. सुरुवात रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यावर, जवळपास संथ. मग गिटारी एकदम अंगावर येतात. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत देव आणि सैतान यांच्यातल्या पैजेपायी एका सज्जन माणसाचं सर्वस्व जातं. गाणं तिथून निघतं आणि दुःख कधी संपेल, या प्रश्नापाशी येतं: सैनिक शस्त्रं खाली ठेवतील, राजे-राण्या मुकुट उतरवतील तेव्हा. अल्बम बाजारात आला तेव्हा अफगाणिस्तानात युद्ध सुरू होतं. धर्माला सतत प्रश्न विचारणाऱ्या बँडने प्रार्थनेच्या इतक्या जवळ जाणारं गाणं क्वचितच केलं असेल.

वॅकरमन पुढे २०१५ पर्यंत बँडमध्ये राहिला. गुरविट्झ दौऱ्यांवर फारसा गेला नाही, पण गाणी लिहिणं त्याने पुन्हा सोडलं नाही.