नक्षीदार जाड टंक आणि इंदूरच्या पत्रिकेतला ‘ल’

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर किंवा गणेशोत्सवाच्या कमानीवर मिरवणारा जाड, सेरिफचा (रेषांच्या टोकांना छोटे फराटे असलेला), जुन्या धाटणीचा टंक, म्हणजे अक्षरांचा साचा, मूळचा जाहिरातींचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये रोमन अक्षरांचे उभे दांडे फुगवून आडव्या रेषा केसाएवढ्या ठेवल्या गेल्या. 1827 नंतर अमेरिकेतल्या लाकडी ठशांनी भिंतीवरची अक्षरे स्वस्त केली.

देवनागरीत ही युक्ती फसते. आडवी रेषा केसाएवढी केली की शिरोरेषा बारीक होते आणि शब्द विस्कटतो. त्यामुळे शिरोरेषा जाडच ठेवावी लागते. सेरिफचा थाट मग दांड्यांच्या तिरप्या टोकांवर आणि गाठींवर येतो.

इंदूरमध्ये खरा घोळ मात्र ‘ल’ आणि ‘श’चा आहे. छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळापासून देवनागरीची दोन वळणे चालत आली, मुंबई आणि कलकत्ता. पुढे हिंदीच्या मानक लिपीने अ, झ, ण मुंबईचे घेतले; ल, श मात्र उत्तरेचे, म्हणजे कलकत्ता वळणाचेच राहिले. महाराष्ट्रातही छपाईत हाच उभ्या दांड्याचा ल सर्रास शिरला. नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे, पाकळीचा ल आणि देठाचा श, पुन्हा प्रमाण ठरवले. निर्णय योग्यच होता, उशिरा आला एवढेच. पण तो महाराष्ट्रापुरता. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास पत्रिका मराठी असली तरी संगणकावरची अक्षरे हिंदीच्या सवयीची. त्यात कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकात जे वळण असेल तेच उमटते.

युनिकोडने, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाने, दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक दिला, 0932, ‘श’ 0936. वळण फाँटने निवडायचे असते आणि त्याला भाषेची खूण लागते. म्हणून मजकुराची भाषा आधी मराठी करावी, मगच अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतीत, बदलावीत. उलट क्रम झाला तर आकार गोठतो आणि ओळ नव्याने टाकावी लागते.

भाषा बरोबर असूनही फाँट दगा देतो, कारण फाँटचे बरेच रेखाटनकार मराठी वळणाचा पूर्ण ‘ल’ काढतात आणि अर्धा विसरतात. मग ‘लग्न’ मराठी, ‘कल्याण’ हिंदी. ‘शुभविवाह’, ‘निश्चय’, ‘ईश्वर’, ‘उल्हास’ हे चार शब्द लावून पाहिले की फाँटची लायकी कळते. ‘श्री’ वेगळ्या जोडाक्षरातून येतो, त्यावरून काहीच ठरवू नये.

जाड वजनात पाकळ्यांमधली पोकळी आधी बुजते. स्क्रीन प्रिंटिंगला पांढरी फट साधारण 0.35 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर शाई ती भरून टाकते. सोनेरी फॉइलला त्याहून थोडी जास्त लागते. नक्षीची आतली पांढरी रेघही याच मापात बसवावी. तेवढी जागा नसेल तर पत्रिकेच्या आतल्या मजकुराला साधा फाँट घ्यावा आणि नक्षीदार टंक वरच्या एका ओळीपुरताच ठेवावा.